मूलबाळ नसलं तर इन्कम टॅक्सचा परतावा कमीच मिळतो का?

पांढरकवडेकर | १८ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. टॅक्सवर इथे आधी धागे निघालेत, पण माझा प्रश्न जरा वेगळा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका अनुदानित शाळेवर शिक्षक आहे. २०२४-२५ चा एकूण पगार ८ लाख १५ हजार, एनपीएसमधला (राष्ट्रीय पेन्शन योजना) सरकारचा वाटा सोडून. मार्चपर्यंत २४,९६० रुपये टॅक्स कापला गेला. शाळेतल्या दुसऱ्या एका सरांचा पगार जवळपास तेवढाच आणि कपातही तेवढीच. त्यांना मागच्या आठवड्यात सगळेच्या सगळे परत आले. मी तालुक्याला रिटर्न भरून देणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, "त्यांना दोन मुली आहेत सर. तुम्हाला लेकरूबाळ नाही, तुमचं काही निघत नाही." आणि त्याच दमात पुढे, "पण मी काढून देतो. वीस हजार आणतो, पंधरा टक्के माझे."

कसे आणणार ते विचारलं तर "ते माझ्यावर सोडा."

लग्नाला बरीच वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. दुकानात चार माणसं बसलेली असताना त्याने ते ज्या सुरात म्हटलं ते लागलं मनाला. पण ते बाजूला ठेवतो. सरकार खरंच लेकरं असणाऱ्यांना एवढं जास्त सोडतं का? आणि रास्त मार्गाने मला काही मिळू शकतं का?

माहिती: एनपीएसमध्ये माझे वर्षाला ७२ हजार, एलआयसी २४ हजार. वडिलांच्याच घरात राहतो, घरभाडं देत नाही. कर्ज नाही.

बोंडअळी | १८ ऑगस्ट, रात्री १०:०५

सर, थो माणूस अमेरिकेतला कायदा यवतमाळात चालवून रायला वाटते. तिकडं लेकरामागं टॅक्स कमी होते, चाइल्ड टॅक्स क्रेडिट म्हणतेत, यंदा एका लेकराचे २,२०० डॉलरपर्यंत. आपल्याइकडं तसं काई नाई. पंधरा टक्के मागणाऱ्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका बाप्पा.

हिशेबनीस | १९ ऑगस्ट, सकाळी ७:१५

सर, कोषागारात आयुष्य गेलं माझं, पगारबिलं पाहण्यातच. नीट सांगतो.

मुलांच्या नावाने थेट मिळणारी सूट म्हणजे शिक्षण भत्त्याची. दरमहा १०० रुपये एका मुलामागे, वसतिगृहात असेल तर आणखी ३००, तेही दोनच मुलांपर्यंत आणि जुन्या कर प्रणालीतच (वजावटी जास्त असतात ती; नवीत दर कमी, वजावटी थोड्या). भत्ता पगारात मिळत असेल तरच. दोन मुलींचे वर्षाचे झाले २,४००. त्यावरचा वाचलेला टॅक्स पाचशेच्या आसपास.

बाकी सगळं ८०सी मधून येतं, म्हणजे ठरावीक बचत-खर्च उत्पन्नातून वजा करू देणारं आयकर कायद्याचं कलम. मुलांची ट्यूशन फी (फक्त ट्यूशन फी; डोनेशन, विकास निधी, बसभाडं नाही), मुलीचं सुकन्या खातं. पण ८०सी ही दीड लाखाची एकच टोपली आहे. त्यात तुम्ही मुलीची फी टाका, पीपीएफ टाका, पोस्टाचं एनएससी टाका, नाहीतर गृहकर्जाची मुद्दल टाका. टोपलीचं माप दीड लाखच. मूल असलेल्याची टोपली आपोआप भरते, इतरांना ठरवून भरावी लागते. फरक एवढाच.

तुमच्या सहकाऱ्यांना सगळे पैसे परत आले ते नियमातच असू शकतं. जमलं तर त्यांना आकडे विचारा.

वर्धेकाठची | १९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

@पांढरकवडेकर, दुकानातल्या त्या बोलण्याबद्दल वाईट वाटलं दादा. आम्हीही दोघंच आहोत. सासऱ्यांचं वय ७४, त्यांचा आरोग्य विमा कोणतीच कंपनी काढेना. तेव्हा कळलं की ६० वर्षांवरच्या आईवडिलांचा विमा नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्चच कलम ८०डी (आरोग्यखर्चाची वजावट) खाली ५० हजारांपर्यंत दाखवता येतो. मात्र त्यासाठी नातं आईवडिलांचं लागतं. सासऱ्यांचा खर्च माझ्या नाही, नवऱ्याच्या रिटर्नमध्ये गेला. आणि पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. आता मेडिकलवाल्याला फोनवरूनच पैसे देतो आणि बिलं एका पिशवीत ठेवतो.

मूल नसलं तरी घरात कुणी ना कुणी आपल्यावर अवलंबून असतंच. कायद्यात त्यांचीही जागा आहे.

संत्राबाग | १९ ऑगस्ट, सकाळी ११:५०

इथेच विचारून घेतो. वरुडकडे आमची संत्र्याची बाग, सातबारा माझ्या नावावर. बायको ग्रामसेविका. तिच्या ऑफिसातले काही जण म्हणतात, शेतीचं उत्पन्न तिच्या रिटर्नमध्ये दाखवा, परतावा वाढतो.

हिशेबनीस | १९ ऑगस्ट, दुपारी १२:२०

@संत्राबाग, सातबारा तुमचा, बाग तुम्ही कसता, उत्पन्न तुमचं. वहिनींच्या रिटर्नचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी नोकरदाराने ते ५ हजारांच्या वर दाखवलं की दर ठरवताना उरलेल्या उत्पन्नात मिळवून हिशेब होतो. म्हणजे टॅक्स वाढू शकतो, कमी होत नाही. ५ लाखांच्या वर गेलं तर जिल्हा, क्षेत्र, मालकीची की ठेक्याची, ओलीत की कोरडवाहू, सगळं भरावं लागतं.

पैनगंगा_काठ | २० ऑगस्ट, रात्री ८:१०

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. परवा केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ करून टाकलं. बाहेरचा कापूस येणार, आमचा भाव पडणार. हमीभाव ८,११० जाहीर केला, तो आमच्या हातात किती पडतो ते आम्हाला ठाऊक आहे. माझे वडील कापूस विकतात आणि मी नोकरीतून घर चालवतो. अशा वेळी एखाद्या मास्तरने वीस हजार जास्तीचे काढले तर कोणतं आभाळ कोसळतं? मोठमोठे लोक काय काय करतात.

आर्टिकलशिप_अकोला | २० ऑगस्ट, रात्री ९:००

@पैनगंगा_काठ दादा, कापसाचं तुमचं दुःख खरं आहे, आमच्या घरीही तोच विषय चालू आहे. पण त्या वीस हजारांची किंमत मास्तरांना काय पडते ते बघा.

मी अकोल्यात एका सीएंकडे आर्टिकलशिप करतो. अशा परताव्यांच्या नोटिसा घेऊन येणारी माणसं रोज समोर बसलेली असतात. एजंट काय करतो? राजकीय पक्षाला देणगी, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, न दिलेलं घरभाडं असं काहीतरी टाकतो. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचा देतो, म्हणजे नोटीस आली तरी तुम्हाला कळतच नाही. कळतं तेव्हा त्याचा फोन लागत नाही. १४ जुलैला आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी याच प्रकारावर कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. त्यांनीच सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले.

खोटी माहिती देऊन टॅक्स कमी दाखवला तर त्या टॅक्सच्या २०० टक्के दंड. वीस हजार परत करा, व्याज भरा, वर चाळीस हजार. एजंटाने घेतलेले तीन हजार त्याच्याकडेच राहतात. यंदा तर फॉर्ममध्येच विमा पॉलिसीचा नंबर, कर्ज खात्याचा नंबर भरावा लागतोय.

ज्यांनी दुसऱ्याकडून रिटर्न भरून घेतलं त्यांनी आजच पोर्टलवर जाऊन आपल्या प्रोफाइलमध्ये कुणाचा मोबाइल नंबर आहे ते बघा. हात जोडून सांगतो.

पैनगंगा_काठ | २० ऑगस्ट, रात्री ९:२५

चाळीस हजार दंड म्हणजे आमच्या दोन एकरांचा खर्च. हे एजंट सांगत नाही. पटलं.

वैनगंगा | २१ ऑगस्ट, दुपारी ३:३०

सगळे नोकरदारच बोलताहेत, म्हणून मावशीचं सांगते. भंडारा जिल्ह्यातलं खेडं. शेत प्रकल्पात गेलं, मोबदल्याचे १२ लाख एका बँकेत मुदत ठेवीत टाकले. काका वारले. मावशी ६७ वर्षांची, दुसरं उत्पन्न नाही. वर्षाचं व्याज ८७ हजार बसायला हवं होतं, खात्यात आले ६९,६००. शाखेत विचारलं की उत्तर एकच, "वरून कापलं जातं."

मागच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिचं फॉर्म २६एएस, म्हणजे वर्षभरात कापलेल्या टॅक्सचा उतारा, मोबाइलवर उघडलं. स्क्रीन छोटी, मावशी चष्मा पुसून पुसून बघत होती. कपात १७,४००, म्हणजे सरळ २० टक्के. एरवी १० टक्के कापतात. दुप्पट का? तर पॅन आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून ते निष्क्रिय झालेलं. आणि जोडायला गेलो तर जोडेना, कारण आधारवर नावापुढे "बाई" आहे, पॅनवर नाही. ते आधी दुरुस्त केलं, मग हजार रुपये शुल्क भरून जोडलं, पॅन पुन्हा सुरू झालं. मग रिटर्न भरलं. तिच्या उत्पन्नावर टॅक्सच नाही, त्यामुळे १७,४०० पूर्ण परत आले.

मावशीला कुणी कधी सांगितलंच नाही की हे पैसे परत मिळतात. तिला वाटे, सरकारने घेतले म्हणजे गेले. अशा किती बाया असतील खेड्यात! आता दर एप्रिलला शाखेत १५एच फॉर्म (टॅक्स बसत नाही, कापू नका असं लिहून देण्याचा) भरून देतो, त्यामुळे कपातच होत नाही. ६० च्या आतल्यांसाठी १५जी असतो. आपापल्या गावात मोबदल्याचे पैसे ठेवीत टाकलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे दोन फॉर्म सांगा. कृपा करून सांगा.

बोंडअळी | २१ ऑगस्ट, दुपारी ४:०५

ताई, लय मोलाचं सांगतलं. आमच्या मोठ्या आईचंही असंच काई असन, उद्या पोळ्याले गावी जाऊन रायलो, पासबुकच पायतो. मागच्या सालाचं भेटते का पण?

आर्टिकलशिप_अकोला | २१ ऑगस्ट, दुपारी ४:४०

@बोंडअळी, यंदाचं रिटर्न १५ सप्टेंबरपर्यंत, उशिराचं ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच्या आधीच्या वर्षांसाठी आयुक्तांकडे उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. कारण पटेल असं आणि कागदासकट द्यावं लागतं. "अपडेटेड रिटर्न" मात्र परतावा मागायला चालत नाही, त्यात फसू नका.

आणि बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मेपासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, तिथे खातं असेल तर आयएफएससी शाखेत विचारून मगच भरा. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर ते भरलेलं धरत नाहीत.

सिपनाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री १०:३०

धारणीकडे कंत्राटी वैद्यकीय अधिकारी आहे. मानधन महिन्याला ४० हजार, त्यातून सरळ १० टक्के कपात. वर्षाचे ४८ हजार गेले. मला पगार म्हणून दाखवायचं की व्यवसाय?

हिशेबनीस | २२ ऑगस्ट, सकाळी ७:४०

डॉक्टरसाहेब, २६एएस मध्ये कपात कोणत्या कलमाखाली दिसते ते आधी पाहा. १९४जे असेल तर ते व्यावसायिक मानधन, फॉर्म आयटीआर-४. १९२ असेल तर पगार, फॉर्म आयटीआर-१. तुमचं ४ लाख ८० हजार कसंही धरा, नव्या प्रणालीत टॅक्स शून्य आहे. ४८ हजार पूर्ण तुमचे. फॉर्म चुकीचा गेला तर मात्र अडकून पडतील.

पूर्णामाय | २२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक राहून गेलं. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ८०डीडी खाली ७५ हजार आणि ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख वजावट मिळते. खर्चाची बिलं लागत नाहीत, प्रमाणपत्र लागतं. ही वजावट नव्या प्रणालीत नाही. ऑफिसने नव्या प्रणालीने टॅक्स कापला म्हणून नवीच घ्यावी लागते असं नाही. पगारदाराला रिटर्न भरताना जुनी निवडता येते. पण मुदतीच्या आत. मुदत टळली की जुनी मिळत नाही. माझ्यासारख्या आयांनी ती तारीख चुकवू नये म्हणून लिहिलं. भावंड, नवरा, बायको, आईवडील यांच्यासाठीही हीच वजावट आहे.

पांढरकवडेकर | २३ ऑगस्ट, सायंकाळी ६:००

पोळा आटोपला, आज पोरांचा तान्हा पोळा बघून आलो. सगळ्यांचं वाचलं. पूर्णामाय, तुमचं वाचून तर काय लिहावं कळेना.

आमच्या सरांनी न मागता फाईलच समोर ठेवली. घरभाड्याची सूट ४२ हजार, भाडं ते खरंच देतात. सुकन्या ६०, मुलींची ट्यूशन फी ३६, एलआयसी ३२, एनपीएस ७२ हजार. आईवडिलांचा आरोग्य विमा २५. तुम्ही म्हणालात तसं खोटं काहीच नाही.

हिशेबनीस | २३ ऑगस्ट, रात्री ८:२०

बघा कसं जुळलं. एनपीएसचे ५० हजार टोपलीबाहेर, ८०सीसीडी(१बी) या कलमात वेगळे. उरलेले २२ + सुकन्या ६० + फी ३६ + एलआयसी ३२, बरोबर दीड लाख. ८,१५,००० मधून घरभाडे ४२ हजार, प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर २,५००, दीड लाख, ५० हजार आणि विमा २५ हजार वजा केले की उरतात ४,९५,५००. जुन्या प्रणालीत ५ लाखांच्या आत ८७ए ची सवलत, टॅक्स शून्य. म्हणून २४,९६० परत. मुलींमुळे टोपलीत ९६ हजार पडले. तेच ३१ मार्चच्या आत पीपीएफमध्ये टाकले असते तरी उत्तर हेच.

तुमचं मात्र जुन्या प्रणालीत ६,६६,५०० उरतात आणि टॅक्स होतो ४७,६३२. म्हणजे तुम्हाला नवीच बरी.

एक विचारतो. त्या वर्षात काही थकबाकी निघाली होती का? पगार एकदम वाढलेला वाटतो.

पांढरकवडेकर | २३ ऑगस्ट, रात्री ८:५०

हो. वरिष्ठ वेतनश्रेणी लागली. जुलै २०२३ पासून लागू, पैसे आले सप्टेंबर २०२४ च्या पगारात. त्यातले ४८ हजार मार्च २०२४ च्या आधीचे. २०२३-२४ चा पगार होता ६ लाख ९५ हजार.

हिशेबनीस | २३ ऑगस्ट, रात्री ९:३५

मग सर, तुमचा परतावा इथेच आहे. कलम ८९ ची सवलत. मागच्या वर्षाचा पगार या वर्षी मिळाल्यामुळे जास्तीचा बसलेला टॅक्स सोडून देतात. जुन्या-नव्या दोन्ही प्रणालींत लागू.

२०२४-२५ थकबाकीसह: ८,१५,००० वजा ७५ हजार (नव्या प्रणालीतली प्रमाणित वजावट), ७,४०,०००. टॅक्स २४,०००, उपकरासह २४,९६०. थकबाकी नसती तर: ७,६७,००० वजा ७५ हजार, ६,९२,०००. सात लाखांच्या आत, टॅक्स शून्य. म्हणजे सगळा टॅक्स त्या ४८ हजारांनी ओढून आणला.

आता ते ४८ हजार त्यांच्या खऱ्या वर्षात ठेवा. २०२३-२४ नव्या प्रणालीने: ६,९५,००० वजा त्या वर्षीची प्रमाणित वजावट ५० हजार, ६,४५,०००. त्यात ४८ मिळवले तर ६,९३,०००. तरीही सात लाखांच्या आत, शून्य.

फरक पूर्ण २४,९६०. तुमच्या सहकाऱ्यांना आले तेवढेच.

करायचं असं: पोर्टलवर आधी फॉर्म १०ई भरा, तो सादर झाल्यावरच रिटर्न. १०ई न भरता नुसता आकडा टाकला तर सवलत नाकारतात. पगारबिलातून थकबाकीचा महिनावार तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीने घेऊन ठेवा. मागच्या वर्षी रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडली असेल तर मात्र त्या वर्षाचा हिशेब तिच्याच दराने करावा लागेल, तेवढं तपासा.

बोंडअळी | २३ ऑगस्ट, रात्री ९:५०

हिशेबनीस काका, साष्टांग नमस्कार! आज नागपुरात मारबत निघाली. त्या पंधरा टक्केवाल्याले घेऊन जा गे मारबत!

वर्धेकाठची | २३ ऑगस्ट, रात्री १०:१०

दादा, इतका आनंद झाला वाचून. भरून झालं की इथे नक्की सांगा.

पांढरकवडेकर | २७ ऑगस्ट, सायंकाळी ७:३०

मागच्या वर्षीचं रिटर्न काढून पाहिलं, नवीच प्रणाली होती. रविवारी १०ई भरला, काल रिटर्न भरलं आणि आधार ओटीपीने व्हेरिफायही केलं. परतावा २४,९६० दाखवतोय. मोबाइल नंबर माझाच आहे, तेही पाहिलं.

आमच्या संस्थेच्या तीन शाळांत त्याच यादीत वरिष्ठ श्रेणी लागलेले आणखी शिक्षक आहेत. कुणीच १०ई भरलेला नाही. मुख्याध्यापक सरांनी शनिवारी सगळ्यांना थकबाकीचे तक्ते घेऊन बोलावलंय.

हिशेबनीस | २७ ऑगस्ट, रात्री ८:०५

उत्तम. शनिवारी बसाल तेव्हा चालू वर्षाचंही बोलून घ्या. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स नाही. तुमच्या पगारात कपात व्हायलाच नको. बिल करणाऱ्या लिपिकाला डिसेंबरच्या आत लेखी देऊन ठेवा. आणि ज्यांचं यंदाचं रिटर्न आधीच गेलंय त्यांना सांगा, आधी १०ई भरून मग ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न देता येतं.